‘नोंद नाही’ असे लिहून मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
तलाव पाणीवाटप नोंद कक्ष,
जि. भंडारा.

अर्जदार: श्रीमती मंदाबाई लांजेवार, रा. कोंढा, ता. पवनी.

विषय: अर्जदाराची नोंद आपल्याकडे नाही, असे लेखी मिळणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराचा याच विषयाचा मागील अर्ज, ज्याच्या उत्तरादाखल शिंगाडे लावण्याची परवानगी मिळाली.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळविते की, तलावाचे पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कोणत्या वारी मिळणार, हे सांगण्यासाठी आपल्या कक्षाने कृत्रिम बुद्धीचा मदतनीस नेमला आहे. फोनवर विचारले की तो ‘नोंदशोधक’ यंत्रणेत नोंद पाहून उत्तर देतो. नोंदशोधक कसा वापरावा, याची पुस्तिका या मदतनिसासाठी लिहिण्याचे काम कक्षातील लिपिक गुंजन हिच्याकडे आले. गुंजन ही अर्जदाराची सून होय. सून गुणी आहे (हे तिला कळविण्याची आवश्यकता नाही).

२. पुस्तिकेत यंत्रणेला काय द्यावे, तर नाव, गाव आणि बांधी. काय मिळेल, तर पाळीचा वार, हे तिने चोख लिहिले. ‘नोंद न सापडल्यास काय करावे’ या रकान्याशी मात्र ती अडली. तिने आपणास विचारले असता, रकाना कोरा ठेवू नका, काहीतरी लिहा, असा आपला आदेश झाला. तेव्हा सासरी पहिल्या दिवशी मिळालेली शिकवण तिने लिहून टाकली: ‘दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये.’ आपण त्यावर सही केली. शिकवण अर्जदाराचीच आहे आणि ती आजही चांगलीच आहे. पण ती भाकरीबद्दल होती.

३. तेव्हापासून मदतनीस कोणालाही ‘नाही’ म्हणत नाही. नोंद नसली की जवळपासची दुसऱ्या कोणाची तरी काढून देतो, तीही तोंडात साखर ठेवून. शेजारचे घनश्याम यांनी सहज मुलीसाठी स्थळ विचारले, तर त्यांना आंधळगावच्या एका शेतकऱ्याचे नाव बांधीसकट मिळाले. ते पाहुणे म्हणून गेले, पोहे खाल्ले, आणि मग नवरदेव काठी टेकत बाहेर आला. घनश्याम यांची तक्रार नाही. पोहे चांगले होते म्हणतात.

४. अर्जदाराचे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तिची बांधी यंदा वाटणीत वेगळी निघाल्याने यंत्रणेत चढलीच नव्हती. मदतनिसाने ‘मंदाबाई’ एवढ्यावरून आंधळगावच्या मंदाबाईची पाळी अर्जदाराला आनंदाने कळविली. त्या वारी अर्जदार फावडे घेऊन कोंढ्याच्या तलावावर उभी राहिली, तर कोंढ्याची पाळी आदल्या दिवशीच निघून गेलेली. धान निसवले आहे, लोंबीत दूध भरण्याची हीच वेळ, आणि बांधीला भेगा पडल्या. अर्जदार तेथेच तलावाच्या बांधावर बसून रडली.

५. तलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, यादोराव यांच्या ताब्यात असते. ते उरलेले पाणी द्यायला तयार आहेत, पण म्हणतात, “वहिनी, कागदावर तुमी आंधळगावात पाणी घेऊन राहिल्या. मी इथचं तुडुम कसं उघडू? ‘नोंद नाही’ असं लिवून आणा, मंग सोडतो.” सुनेला विचारले, तर ती म्हणते, “आई, सायबाची सही झाली. आता मले एक अक्षर बदलता येत नाही.” दोघेही नियमाला धरून आहेत, फक्त धान नियमाला धरून थांबत नाही.

६. म्हणून अर्जदाराने लेखी अर्ज केला. तो आपल्याकडे मदतनिसाच्याच हाती गेला. त्याला अर्जाची नोंद सापडली नाही, सबब त्याने भलत्याच अर्जाचे उत्तर अभिनंदनासह पाठविले. आज अर्जदाराच्या बांधीत पाऊल बुडेल इतके पाणी नाही आणि हाती शिंगाडे लावण्याची परवानगी आहे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी तिची स्थिती झाली आहे.

७. सबब विनंती की, पुस्तिकेतील ती ओळ काढून ‘नोंद सापडली नाही, असे सांगावे’ एवढेच लिहावे, आणि हा अर्ज कृपया आपण स्वतः वाचावा. आजवर या जिल्ह्यातील माणूस सरकारी दारातून ‘नोंद नाही’ ऐकून रडत परतला. अर्जदार तेच दोन शब्द लेखी मागायला आली आहे. साहेब, तिला आज रिकाम्या हाताने परत पाठवा. फावडे धरायला हात रिकामेच लागतात.

उत्तर मिळेपर्यंत आपल्याच पायरीवर बसलेली,
मंदाबाई लांजेवार
(सही स्वतःची, आंधळगावच्या मंदाबाईची नव्हे)
दि. ९ ऑक्टोबर २०२५

सोबत:
१. शिंगाडे लावण्याची परवानगी, परत.
२. अर्जदाराच्या बांधीतील एक लोंबी. दाबून पाहावी; दूध अजून आहे.