रामीबाईचं सकाळचं भांडण

प्रिय साळे बाबुलाल, तुले तुह्या भाटव्याचा जय सेवालाल. इकडं तांड्यात सारे खुशाल, तूही वणीले खुशाल असशीनच (कोळशाची एवढी धूळ खाऊन जो टुणटुणीत राह्यला, त्याले काय होते!). गुडघा कसा हाय?

मले बीपी हाय, हे तुले माहीत हाय. आता बीपी म्हणजे राग, हे तांड्यातलं शेंबडं पोरगंही सांगते. म्हणून मी राग आला का गोळी घ्यायचो, नाही आला तं डब्बीत राहू द्यायचो (उगाच औषध खाणारा मानूस मी नाही). अन् तुही बहीण रामी रोज सकाळी चहा झाला रे झाला का भांडण काढायची! आपल्या रीतीनं लग्नात माह्या बापानं तुमच्या बापाले मोडक्या शिंगाचा बैल देल्ला, हे तिचं आवडतं. नाही तं वणीच्या जिनिंगले कापसाची बैलबंडी घेऊन गेलतो, तवा तिले खाली बसवून आपण दोघं वर कापसात लोळलो, ते. काय दिवस होते रे! माहं डोस्कं तापे, मी तणतणत गोळी गिळे, अन् ती गालात हासे. मले वाटे, जिंकली म्हणून हासते.

ती गेली अन् घर गपगार झालं. पोरगा जीवन तिकडं यवतमाळपाशी लोहाऱ्याच्या कारखान्यात, घरी सून पुष्पा, गरीब गाय. कापसाच्या भावाचा तरी राग यायचा, तं औंदा त्याचीही सवय झाली. मंग गोळी कायले घ्यायची?

मागच्या बाजारी मारेगावले हाटेलात चहा पेऊन राह्यलो होतो, तं कप उजव्या हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, जीभ वळेना. (हाटेलवाल्याले वाटलं म्हातारा ढोसून आला. त्या दिवशी खरंच नोहतो पेलो.) घडीभरानं सारं जाग्यावर आलं, पण जीवननं यवतमाळले डाक्टरकडं नेलं. त्यानं मले असं झापलं! म्हणे, गोळीचा अन् रागाचा काही संबंध नाही, बीपी चुपचाप आपलं काम करते, गोळी रोज पाहिजे. हा इशारा होता, पुढच्या बारीले लकवा मारला तं खाटेवरून उठणार नाही. भेव वाटलं रे मले.

घरी आलो तं पुष्पा दाराआडून रडत सांगून राह्यली. सासूनं जाता जाता तिले काम सोपवलं होतं: रोज चहा झाला का म्हाताऱ्याशी भांडजो, गोळी घेतली का चूप बसजो. पण सासऱ्यापुढं जिनं डोक्यावरचा पदर सरकू देल्ला नाही, ती कशी भांडणार? एकदा म्हणे हिंमत करून तिनं चहात साखरच टाकली नाही, अन् मी मुकाट्यानं पेलो.

बाबुलाल, मी जिंदगीभर त्या बाईले भांडखोर समजलो. लई आठवण येते रे. आता गोळी रोज घ्यायची ठरवली हाय, पण चहा झाला का कान चुलीकडं लागते, अन् आवाज नाही आला का डब्बीची यादच राहत नाही.

तुहा भाटवा,
देवीलाल

ता. क. खरं काम हे हाय: तू इकडं राहाले ये. साळ्याले भाटव्याशी भांडायचा हक्क हाय, अन् तुहा आवाज थेट बहिणीवर गेला हाय. बैलापासून सुरुवात करजो.

आणखी एक. बैलाचं शिंग धड होतं. तुमच्याच बापानं त्याले नालीत पाडून मोडलं, अन् नाव माह्या बापाचं! लिवता लिवता असा संताप आला म्हणून सांगू... थांब जरा.

घेतली गोळी. तरी ये.