चादरीचं दुसरं टोक

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे भरपूर आशीर्वाद,

वि. वि. तुझ्या काकाकडे धड पोचले. गुडघे मागेच राहिले असते तर बरं होतं, पण तेही आले. काकू कामाला हात लावू देत नाही. बसून बसून मी खुर्चीचाच एक पाय झाले आहे.

धुलाईखान्यातल्या निरोपाच्या चहाला मला बोलता आलं नाही. साहेबच बोलत राहिले आणि चहा निवला. तेव्हा माझ्या वतीनं तू सांग. इस्त्रीच्या रुळावरच्या जाडीला सांग, माझ्या वाटचे ओले गठ्ठे तू उचललेस, विसरले नाही. शिवणवालीला सांग, तिच्या चहाड्यांवाचून मला जेवण जात नाही. गाडीवाल्याला सांग, तुझं गाणं भयंकर, पण इथे ते नाही म्हणून करमत नाही.

माझं चादरींच्या घड्या घालायचं टेबल तुला मिळालं, सांभाळ. समोरच्या बाजूला मात्र कुणाला उभं करू नकोस. का ते विचारू नकोस.

माया आहेच, ती पत्रात कोंबत नाही.
तुझी आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

निरोप पोचवले. जाडी रडली. शिवणवाली म्हणाली, म्हातारी लांबूनही टोचते. गाडीवाला तेव्हापासून दुप्पट मोठ्यानं गातोय, ते पाप तुझ्या माथी.

आजी, तू नको म्हणालीस तरी विचारते. मुकादमीणबाईंनी समोर एक नवी बाई दिली. ती जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकली नाही. इथे आधीच कुणीतरी उभं आहे म्हणाली आणि दुसऱ्या टेबलावर गेली. मग मी एकटीनंच चादर झटकली. समोरची टोकं वर आली. माझ्या हातांपेक्षा उंच, ताणून धरलेली. समोर कुणी नाही. मी पुढे गेले, तर ती सुटेचनात. ओढली तेव्हा चादर मधोमध फाटली. दुसऱ्या दिवशीही तेच. आणखी एक फाटली तर मला काढणार, असं मुकादमीणबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलंय. बाबा घरी बसल्यापासून माझ्याच पगारावर चूल पेटते. आजी, कोण आहे ते?

उत्तराकडे डोळे लावलेली,
तुझी भिंगरी

दि. १५ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

घाबरू नकोस, ती चावत नाही. ती लंबू, माझी जोडीदारीण. तू रांगत होतीस तेव्हा तापानं गेली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच टेबलाशी आले, चादर झटकली, आणि समोरची टोकं वर आली. नेहमीसारखी जरा जास्तच वर. मेली जिवंतपणीही कधी वाकली नाही. मी काय करणार? काम पडलं होतं. घडी घातली. साहेब म्हणायचे, म्हातारी एकटी दोघींचं काम करते. मी पुढची चादर झटकायची.

आमची एक रीत होती. घडी जुळली की मी ‘झालं’ म्हणायचं, मगच तिनं हात सोडायचा. शेवटच्या दिवशी चहाला हाक आली आणि मी घडी अर्धवट टाकून निघाले. तुम्हां सगळ्यांचे आभार पत्रातून तरी मानले, तिचे राहिले. ती अजून धरूनच उभी आहे.

सगळ्या जेवायला गेल्या की चादर झटक. टोकं वर आली की म्हण, तू होतीस म्हणून आजीचे दिवस गेले. मग घडी जुळव आणि ‘झालं’ म्हण. रडूबिडू नकोस, चादर परत धुवावी लागेल.
आजी

दि. २० मार्च

ती. आजीस सा. न.

तू सांगितलंस तस्संच म्हटलं. चादर एकदम सैल पडली. त्याआधी माझ्या बोटांना बोटं लागली. गार, भिजून सुरकुतलेली, इथे सगळ्यांची असतात तशीच. आता नवी बाई समोर उभी राहते, चादर फाटत नाही, नोकरी शाबूत आहे. पण बाई बुटकी, टोकं खालीच राहतात. मला चुकल्यासारखं होतं. ती कुठे गेली असेल गं?

तुझी भिंगरी

दि. २४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद,

कुठे गेली म्हणून विचारतेस. काकू बाजारात गेली आहे. मी वाळलेली चादर खोलीत आणली. खिडक्या बंद, वारा नाही. सवयीनं झटकली. समोरची टोकं वर आली. जरा जास्तच वर.

हे लिहितेय तेव्हा चादर समोरच आहे. माझी बाजू पलंगावर, तिची अधांतरी. काकू येईल, ओरडेल. ओरडू दे. ‘झालं’ मी इतक्यात म्हणत नाही.

तुझी आजी