दुकान वाढव

३ मार्च
ट्रंक जिन्यात अडकली. काका वरून ओढत होते, मी खालून ढकलत होतो, आणि काकू म्हणत होती की एक पुतण्या बोलावला तर आख्खं गाव आलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. काका या परक्या शहरात चाळीस वर्षं बटणं विकतात. प्रवासात माझ्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं. त्यांनी न बघता खण उघडून जोडीचं काढून दिलं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत दुकान बारा पावलं. काका रोज सकाळी ती चालून मोजतात. मी हसलो. ते हसले नाहीत.

१९ मार्च
काका गेले. सकाळी मोजताना सातव्या पावलावर खाली बसले. माझा हात धरून म्हणाले, दुकान वाढव. दोनदा म्हणाले. काकू तेव्हा बाजारात होती.

२७ मार्च
काकू मुलीकडे गावी गेलीय. फोनवर सांगितलं, काकांची शेवटची इच्छा म्हणून दुकान वाढवतोय. ती म्हणाली, बरं करतोस बाबा, मी किती वर्षं त्यांच्या मागे लागले होते. मला हुरूप आला. मागची भिंत ठोकून पाहिली. पोकळ आहे. गवंडी सोमवारी येतोय.

३० मार्च
भिंत पाडली. पलीकडे खोलीच निघाली. तयार खण, त्यांवर चिठ्ठ्या, काकांच्या अक्षरात. गवंडी बाहेर जाऊन बघून आला. म्हणाला, इथे शेजारच्या शिंप्याचं घर असायला हवं. घमेलं इथेच टाकून गेला.

१ एप्रिल
वीस पावलं. चुकलो असेन.

२ एप्रिल
एकतीस. आणि वाढतंय ते मागे नाही, पुढे. गल्ल्यापासून दार लांब गेलंय. गिऱ्हाईक दारातून हाक मारतं ती विहिरीतून आल्यासारखी येते.

४ एप्रिल
काकूचा फोन. भिंत पाडली म्हटल्यावर हळू म्हणाली, अरे, वाढव म्हणजे मिटव. दुकानदार तो दुसरा शब्द तोंडातून काढत नाही. तुम्हा पोरांना एवढंही कुणी शिकवलं नाही का. ती भिंत त्यांनीच घातली होती. दुकान एकदा असंच वाढत सुटलं होतं, म्हणून. ती येतेय. तोवर शटर ओढून बाहेर पड म्हणाली. निघालो.

४ एप्रिल, दुपार
दार दिसतंय. बटणाएवढं. तिथे ऊन आहे. चालतोय —

५ एप्रिल
मागून खोकला. काकांचाच. वाढव म्हणतात — रागाने नाही, विनवल्यासारखं. काका, कळलं हो आता. पण शटरपर्यंत हात —

बहुतेक ६
मोजणं सोडलं. शर्टाला एकही बटण नाही. कधी — खणांवरच्या चिठ्ठ्या आता माझ्या अक्ष

७ एप्रिल, सकाळ
मी काकू. आज पोचले. शटर आतून लावलेलं नव्हतं, शिंप्याने एका हाताने उचललं. आत कुणी नाही. मागची भिंत जागच्या जागी, जुन्या विटांची. बारा पावलं, मी मोजली. ही वही उंबऱ्यापासून हातभर आत पडली होती. एका खणात त्याच्या शर्टाची बटणं, जोडीचं धरून सहा. शिंप्याने विचारलं, आता काय करणार. मी म्हटलं, दुकान बंद केलं. बंदच म्हटलं.