नवमीची सवाष्ण

मु. कातळवाडी, ता. रत्नागिरी
३ ऑगस्ट १९८७

ती. विमलाताईस सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फणसाची साटं तुझ्या वॉर्डातल्या नर्सबायांनीच संपवली, हे वाचून हे हसले. पुढच्या वर्षी दुप्पट घालीन. इकडे लावणी आटपली.

आपली बहीण तुळसा जाऊन जूनमध्ये वर्ष झालं. आता भाद्रपदात तिची पहिली अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा तो मान. तिच्या नावाने सवाष्ण जेवायला बसवायची, ओटी भरायची. पण तिच्या सासूने, हौसाबाईंनी, निरोप धाडला की त्यांच्या घरी ते होणार नाही. तिच्या नवऱ्याने, केरूने, घरी सांगितलं म्हणे, की गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा हा रोग बाई-माणसाच्या संबंधातून येतो असं मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला ऐकवलं. तो गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी येणारा. तेव्हा दोष तुळसाचाच, असं त्यांनी ठरवलं.

वर आणखी म्हणतात, ती जायच्या आधीच्या गणपतीत अंगावर जात असताना तिने ते लपवून मोदक केले, म्हणून देव कोपला. लपवलं हे खरं. पण सांगितलं असतं तर केरू परत मुंबईला जाईपर्यंत तिला पडवीत बाजूला बसावं लागलं असतं. ती त्याची वर्षभर वाट बघायची.

तू शेवटी तिला वॉर्डात सांभाळलंस. हा रोग वाईट चालीच्या बाईलाच होतो का, एवढं डॉक्टरांना विचारून कळव. नवमीला तुळसाचं पान मांडलं जावं, मला दुसरं काही नको.

आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी,
सावित्री


मुंबई
१४ ऑगस्ट १९८७

चि. सौ. सावित्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. आमच्या डॉक्टरबाईंना मुद्दाम गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, या रोगामागे एक विषाणू असावा असं आता मोठ्या डॉक्टरांना वाटू लागलं आहे. तो संबंधातूनच येतो, हे खरं. पण तो इतका सर्रास असतो की संसार केलेल्या पुष्कळ बायकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो. दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. बहुतेकींचं शरीर त्याला आपोआप घालवतं. थोड्याजणींत तो ठाण मांडतो आणि वर्षांनी त्याचा असा रोग होतो. कुठून आला, कधी आला, ते कोणालाच सांगता यायचं नाही. जन्मभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेली बाईसुद्धा त्यातून सुटत नाही. बाई मला म्हणाल्या, पडसं झालेल्या माणसाची कोणी चाल विचारतं का?

हे सगळं हौसाबाईंना सरळ सांग. हे दुखणं घरोघरी असतं म्हटलं की त्यांचं मन निवळेल. शाळेत कविता म्हणायला उभी राहिलीस की पायाच्या अंगठ्याकडे बघायचीस, तसं मात्र करू नकोस.

आणि तुझीही तिशी उलटली. कधी भलत्या वेळी अंगावर लाल गेलं तर घरात बसू नकोस, रत्नागिरीला जाऊन दाखव.

घरात सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
विमलाताई


कातळवाडी
४ सप्टेंबर १९८७

ती. विमलाताईस शि. सा. न. वि. वि.

गौरी-गणपती गेले. तू सांगितलंस तसं केलं आणि होतं तेही घालवून बसले.

गौरीच्या हळदीकुंकवाला मी वहाळापलीकडे हौसाबाईंकडे गेले. वाडीतल्या बायका जमल्या होत्या. मला वाटलं, सगळ्यांसमोर बोललं तर तुळसाचं नाव सगळ्यांसमोर धुतलं जाईल. तू लिहिलेलं सगळं सांगितलं. आधी हौसाबाई ऐकत होत्या. पुष्कळ बायकांत हे असतं असं म्हटलं तशी त्यांनी करंडा खाली ठेवला. म्हणाल्या, म्हणजे पाच लेकरांची आई झालेल्या माझ्या अंगातही ती घाण आहे म्हणतेस काय गो? वाडीतल्या बाबूची बायको म्हणाली, हिच्या मुंबईच्या बहिणीने तिथे बसून आमची सगळ्यांची तपासणी केलीन वाटतं. मग आमच्या म्हशीलाही झाला असेल तो रोग, असं कोणी म्हणालं आणि बायका हसल्या. हसून झाल्यावर एकेक उठून गेली. माझं कुंकू कोणी लावून घेतलं नाही.

केरू तिथेच खांबाला टेकून होता. समईची वात पुढे सारत राहिला.

आता मी आमच्याच घरी पान मांडणार. बहिणीने पान मांडलं म्हणून कोणी हसलं तर हसू दे. यांनी हरकत घेतली नाही. पण सवाष्ण कोण येईल?

माझ्यावरचा लोभ राहू दे.

सावित्री


मुंबई
१० सप्टेंबर १९८७

चि. सौ. सावित्रीस आशीर्वाद.

चूक तुझी नाही. मी इथे रोज हेच बोलते, म्हणून ते तिथे कसं ऐकू जाईल ते मला सुचलं नाही. मी धावत येऊन पानावर बसले असते, पण मला कुंकू नाही. कोणी आलं नाही तर पान गाईला घाल. तुळसाला पोचेल.

जिवाला जप.

विमलाताई


कातळवाडी
१७ सप्टेंबर १९८७

ती. विमलाताईस शि. सा. न. वि. वि.

काल नवमी झाली. वाडीत घरोघर जाऊन बोलावणं केलं होतं. कोणाला ताप होता, कोणाला पाहुणे. वरणभात, वडे, खीर केली. हिरवा खण आणि नारळ पाटाजवळ ठेवला. दुपार टळली तरी पाट रिकामा.

मग मागच्या दाराने काशी आली. तुळसाची धाकटी जाऊ, हौसाबाईंची सून. गवताला जाते सांगून घरातून निघाली होती. मला रडू आलं. मी तिचा हात धरून तिला पाटाकडे नेलं, पण ती बसेना. पानाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, मला गेले चार महिने मधेच कधीही अंगावर जातं. घरात कोणाला सांगितलेलं नाही. विटाळाच्या अंगाने तुळसाबायच्या पानावर कशी बसू?

मी म्हटलं, उद्याच माझ्याबरोबर रत्नागिरीला चल, डॉक्टरांना दाखवू. ती मागे सरली. म्हणाली, तुळसाबायला मेल्यावर बोलले, मला जिवंतपणी बोलतील. तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस तेव्हापासून आमच्या घरातली कोणी बाई डॉक्टरचं नावही काढत नाही. आपण आल्याचं सांगू नको म्हणून तिने मला तुळसाची शपथ घातली.

मी तिला म्हटलं, विटाळ असू दे, तू बस. तुळसा काही म्हणायची नाही. दोनदा म्हटलं. ती पाटाला हात लावून नमस्कार करून गेली.

पान गाईला घातलं.

लोभ असू दे.

सावित्री