मधल्या खोलीतल्या दिव्याची खरखर

मी, गल्लीत 'रेडिओताई' आणि घरात 'ठकी' म्हणून ओळखली जाणारी, अविवाहित, रेडिओ व श्रवणयंत्रे दुरुस्त करण्याच्या धंद्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोक्यात गाठ आहे, पण ती डाव्या कानामागे आहे आणि विचार करण्याच्या जागेला तिचा धक्का लागलेला नाही, असे डॉक्टरांनीच सांगितले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भीती आहे, पण ती दडपणात धरत नाहीत अशी माझी समजूत आहे.

उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. डावा कान जाणार हे नक्की, आणि माझा चांगला कान तोच; उजव्याने मला कमी ऐकू येते. जीव राहील की नाही, हे नक्की नाही. रुग्णालयाचा संमतीचा कागद याच टेबलावर सहीविना पडला आहे. सही करायची की नाही हे अजून ठरलेले नाही. ते का ठरत नाही, हे कलम पाचमध्ये येईल.

कलम १. माझी सर्व हत्यारे, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, मीटर, चिमटे, भिंगाचा दिवा आणि बारीक स्क्रूंच्या डब्या, माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावीत. तिला त्यातले ओ की ठो कळत नाही. पण लहानपणी ती माझ्या टेबलाखाली बसून पडलेले स्क्रू वेचून द्यायची, आणि तेवढ्या श्रद्धेने माझ्या धंद्याकडे दुसऱ्या कोणीही पाहिलेले नाही. बँकेत जे काही उरेल तेही तिचेच.

कलम २. चुलत भावाने नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. ती तो परत आणणार नाही. ती मी त्याला दिली असे या कलमाने जाहीर करते, म्हणजे निदान त्याच्या माथी चोरीचा ठपका तरी राहणार नाही. मात्र त्याने माझ्या खोलीत पाऊल ठेवू नये. 'आत्याबाईंचे परग्रहावरचे सासर' हा विनोद त्यानेच गावभर केला होता.

कलम ३. दिवंगत वहिनीविषयी माझी एकच तक्रार होती. ती गच्चीवरच्या माझ्या अँटेनाच्या डिशवर ओले कपडे वाळत घालायची. ती तक्रार मी मागे घेते. आज तिथे तिचे कपडे असते तर बरे वाटले असते.

कलम ४. गच्चीवरची खोली, त्यातले यंत्र आणि बाहेरची डिश. हे सर्व मी स्वतः जोडले आहे. त्यावर आकाशातले आवाज ऐकू येतात. बहुतेक वेळा नुसती सळसळ असते. माझा विश्वास असा की एवढ्या पसाऱ्यात आपण एकटेच असणे शक्य नाही आणि कधी ना कधी कोणाची तरी हाक येईल. आजपर्यंत आलेली नाही. यंत्र दादाने हवे तर भंगारात द्यावे. त्याने ते नेहमीच भंगार मानले आहे.

कलम ५. घर. हे आम्हा भावंडांचे, निम्मे दादाचे आणि निम्मे माझे. वर मी, खाली तो. दादा पाणीपुरवठ्यात होता, गावाचे वॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. रोज संध्याकाळी मधल्या खोलीत दिवा लावून प्रार्थनेला बसायचा. त्याच वेळी मी वर हेडफोन लावायची. मग जेवताना वाद. ते आमचे तोंडी लावणे होते.

तो म्हणायचा, "ठके, तुझे ते पाहुणे कुणी पाहिलेत का?"

मी म्हणायची, "तुझा देव कुणी पाहिलाय?"

"तो उत्तर देतो. आपल्याला ऐकू येत नाही."

"माझेही देत असतील. अजून पोचलं नसेल."

"म्हणजे तू माझंच बोलतेस. नुसता पत्ता वेगळा."

या एका वाक्यावर मी कितीदा ताट सोडून उठले असेन. कारण त्यात तथ्य होते. उत्तर आले नाही म्हणजे कोणी नाहीच असे नव्हे, हे आम्ही दोघेही म्हणत होतो. पण फरकही होता आणि तो मी त्याला पटवू शकले नाही. माझा हिशोब शक्यतेचा आहे. उद्या कोणी आकाश धुंडाळून 'इथे कोणी नाही' असे दाखवले तर मी हेडफोन काढून ठेवीन. दादाला असे काहीही दाखवता येणार नाही. तो म्हणायचा, "म्हणूनच माझं टिकतं."

दुसरा फरक मला गाठीचा रिपोर्ट हातात आल्यावर कळला. माझ्या आकाशातल्यांना माझे नाव माहीत नाही. त्यांनी मला काही कबूल केलेले नाही. त्यांच्यावर रागावता येत नाही, त्यांच्याकडे काही मागता येत नाही. दादाला निदान भांडायला तरी कोणी आहे. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला.

आता दिव्याविषयी. दादाचा दिवा आईच्या वेळचा, विजेचा, लहान बल्बचा. त्याचा उजेड कमी-जास्त करणारा रेग्युलेटर खराब आहे. तो लागला की माझ्या यंत्रात खर्रर्र असा आवाज येतो आणि आकाश बुडते. मी किती वर्षे सांगत होते, रेग्युलेटर बदलू दे. दादा म्हणायचा, "आईच्या दिव्याला हात लावायचा नाही." मी जिन्यावरून ओरडायची, त्याच्या कानांत बोळे. शेवटी मी हात टेकले. रोज संध्याकाळी त्याची प्रार्थना संपेपर्यंत मी ती खरखर ऐकत बसायची आणि शिव्या घालायची.

रिपोर्टनंतर डॉक्टरांनी दादाला एकट्याला आत बोलावले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काही विशेष नाही. होईल नीट." त्याच्या चेहऱ्यावर मात्र तसे दिसत नव्हते. त्याच संध्याकाळपासून खरखर बंद झाली. तेव्हापासून एकदाही आली नाही.

आकाश इतके स्वच्छ मी जन्मात ऐकले नव्हते. आणि मला त्यात काहीही ऐकायचे नव्हते. वहिनी गेली तेव्हासुद्धा ज्याने दिवा चुकवला नाही, त्याने तो आता का विझवला? याचा अर्थ एकच दिसतो. डॉक्टरांनी त्याला सांगितले की उपयोग नाही, आणि दादाने देवाकडे माझ्यासाठी मागणे सोडून दिले. तसे असेल तर उद्या मी ऑपरेशनच्या टेबलावर कशाला झोपू? कान तरी वाचवीन. उरलेले दिवस ऐकत काढीन.

विचारण्याची हिंमत झाली नाही. जिन्यात तीनदा गेले आणि परत आले.

सबब, घरातला माझा निम्मा हिस्सा दादाला द्यावा, पण एका अटीवर. मधल्या खोलीत रोज दिवा लागला पाहिजे आणि प्रार्थना झाली पाहिजे. ती बंद झाल्यास हिस्सा भाचीला जाईल. मी देव मानत नाही. तरी ही अट घालते. कोणाला हसायचे असेल त्याने हसावे.

साक्षीदार म्हणून शेजारच्या शिंपीणबाई आणि गल्लीतला वायरमन इथे बसले आहेत. शिंपीणबाई मघापासून म्हणत आहेत, "रेडिओताई, किती लिहिता! मरायच्या आधी हात मोडेल." आत्ता माझ्या मनात आले की दिवा बिघडलाही असेल. एवढी साधी शक्यता मी, जन्मभर बिघाड शोधणारी, तपासलीच नाही. वायरमनला खाली पाठवले आहे. दिवा बिघडला असेल तर माझी भीती खोटी. तो येईपर्यंत पुढचे लिहून घेते.

कलम ६. मी गेल्यावर माझ्यासाठी प्रार्थना करू नये, असे मी आयुष्यभर सांगत आले. ते आता

वायरमन आला. दारातूनच म्हणाला, "दिवा चांगला आहे हो ताई. बटण बंद आहे, एवढंच." शिंपीणबाईंनी माझ्या हातातून पडलेला पेन उचलून दिला.

पुढे लिहिणार तोच जिन्यावर पावले वाजली. दादाचे गुडघे गेल्यापासून तो वर आलेला नाही. एकेक पायरी, मग थांबणे, मग पुन्हा पायरी. मला उठून जाता आले असते. मी बसूनच राहिले.

तो दारात टेकला, धापा टाकत. "वायरमनला कशाला धाडलंस? दिवा ठीक आहे."

"मग बंद का?"

"तुझं यंत्र खरखरतं म्हणून. इतकी वर्षं बोंबलत होतीस ना?"

"आणि प्रार्थना?"

"करतो की. अंधारात. पाठ आहे मला, वाचायची थोडीच आहे."

मला राग आला. खरे सांगायचे तर मी ओरडले. "इतक्या वर्षांत सुचलं नाही, आत्ताच बरं सुचलं? डॉक्टर काय म्हणाले तुला? खरं सांग, दादा."

"तुला त्यांनी सांगितलं तेच. वाचायची आशा निम्मी-निम्मी. फक्त मला म्हणाले, तिला धीर द्या. मला कुठं जमतं ते." तो खुर्चीवर बसला. "म्हटलं, हिचा चांगला कान जाणार. काही यायचंच असेल, तर या चार दिवसांत यावं. माझ्या दिव्यापायी राहून जायला नको."

शिंपीणबाई पदराने नाक पुसत होत्या.

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "रोज तेच मागतोय मी. ठकीच्या त्या लोकांनी एकदा तरी हाक द्यावी. तेही त्यानंच केले असतील ना? त्याचं ऐकतील."

"आणि मी जगावं म्हणून?"

"ते पहिलं मागतो, वेडे. हे दुसरं."

कलम ७. वर कलम पाचमध्ये घातलेली अट मी रद्द करते. नवीन कागद घेऊन सगळे पुन्हा लिहिणार नाही. दादाविषयी मी काय समजून बसले होते ते तसेच राहू द्यावे, भाचीने वाचावे. घराचा माझा हिस्सा दादाला बिनशर्त मिळावा.

कलम ८. कलम सहा असे पूर्ण करते: ते आता दादाने ठरवावे.

कलम ९. यंत्र भंगारात देऊ नये. उद्या मी टेबलावर असेन तेव्हा दादाने आईचा दिवा लावावा आणि वर यंत्र चालू ठेवावे. रेग्युलेटर बदलू नये, कोणीही, कधीही. त्या चार दिवसांत मी आकाश ऐकले आणि तिथून कोणी बोलले नाही. मला हाक इतकी वर्षे फक्त खालून येत होती, आणि ती आवाज करते म्हणून मी भांडत होते. मी परत आले तर उजव्या कानाने ऐकेन. नाही आले तर यंत्राने ऐकावे.

रुग्णालयाच्या कागदावर मी आधी सही केली, आणि मग ही. हेडफोनची तार काढून यंत्र मी मोठ्या आवाजात लावून ठेवले आहे. दादा खाली गेला आहे. उतरताना त्याने माझा हात धरू दिला नाही.

ठिकाण: गच्चीवरची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, संध्याकाळ.

सही: ठकी, ऊर्फ रेडिओताई.

साक्षीदार: मृत्युपत्र करणारीने वरील सही शुद्धीवर असताना आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली, आणि आम्ही तिच्या व एकमेकांच्या देखत खाली सह्या केल्या. सह्या चालू असतानाच यंत्रात खर्रर्र असा आवाज सुरू झाला. तो आम्हीही ऐकला.

१. शिंपीणबाई, शेजारीण.
२. वायरमन.