दिवा विझला म्हणून थांबले

९ एप्रिल
बीडचं ट्रेनिंग एकदाचं आटोपलं. फायर स्टेशनची इनचार्ज झाल्यापासून पहिल्यांदा कुणी कामाचं बोललं. ध्रुवाकडं गेलेल्या एका कप्तानाची गोष्ट सांगितली. जहाज बर्फात अडकलं, चेंगरलं, बुडालं. पण जहाजावरचा एकही माणूस त्यानं गमावला नाही. कुरकुऱ्यांना मुद्दाम स्वतःच्या तंबूत झोपवायचा, म्हणजे बाकीचे नासत नाहीत.
मला लगेच दिगंबर आठवला. आमचा फायरमन. नन्नाचा पाढा!

११ एप्रिल
दिगंबरला गाडीत माझ्या शेजारी घेतलं. "मॅडम, दोर जुना हाय." "मॅडम, पंखा बंद हाय." "मॅडम, चहा लई पांचट हाय." डोकं उठलं. त्या कप्तानाला काय सहनशक्ती दिली होती देवानं!
दोर मात्र बदलून घेतला.

१७ एप्रिल
आजचं सगळं लिहून ठेवते.
केजजवळची बंद पडलेली विहीर. बापू नावाचा गडी गाळ काढायला उतरला आणि तळाशीच कोसळला. काठावर त्याचा भाऊ, मागं सगळं गाव. आमचा श्वासासाठीचा हवेचा सिलेंडर भरायला बीडला गेलेला. नेमका आजच!
मी दोरीनं दिवा सोडला. अर्ध्यातच विझला. आत हवा खराब.
तेवढ्यात बापूचा हात हलला. मी पाहिला. दिगंबरनंही.
"मॅडम, जिता हाय त्यो! मी जातो."
ज्याच्या तोंडून कधी 'हो' निघालं नाही, तो दिगंबर. कमरेला दोर बांधून तयार.
"नाही."
"मॅडम—"
"नाही म्हणते ना!" त्याचा दोर मीच धरून ठेवला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई भ्याली!" हो, भ्यालेच. एकाचे दोन झाले असते.
पाण्याचा फवारा मारला, लिंबाचा डहाळा बांधून वरखाली केला, हवा खेळवली. पुन्हा दिवा सोडला. विझला. मेल्या, जळ की! तिसऱ्यांदा तळाला टेकला तरी जळत राहिला. तेव्हा दिगंबरला सोडलं.
बापूला वर आणलं. श्वास चालू, शुद्ध नाही.

२० एप्रिल
दिगंबरला घेऊन बीडला, दवाखान्यात. बापूनं डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.
भाऊ बाहेर बसलेला. "मॅडम, त्याचा हात हलला, तुमाला दिसला व्हता का?"
"हो."
"मग थांबलात कावून?"
"दिवा विझला होता. माझा माणूसही गेला असता."
तो दिगंबरकडं बघत राहिला.
कप्तानानं आपली माणसं परत आणली. मीही आणली. पण माझ्या कामात एक माणूस नेहमी दुसऱ्याचा असतो. त्याचं काय करायचं, ते ट्रेनिंगमध्ये...
परतताना दिगंबर गप्प. पंखा बंद, रस्ताभर खड्डे, तरी चकार शब्द नाही. फाट्यावर चहा घेतला.
"कसा आहे रे?"
"चांगला हाय, मॅडम."
लई पांचट होता.