यंदाची पेरणी

घरच्या मालकिणीस,

मी खुशाल आहे. खोली बरी आहे, फक्त खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडते. आईचा गुडघा कसा आहे?

सरकारी मदत थेट तुझ्या खात्यात आली, बियाणं आलं, उरलेल्या पैशात अंगणातला हातपंपही दुरुस्त झाला, हे वाचून बरं वाटलं. पण मिस्त्री दहा मिनिटांत काम उरकून गेला म्हणतेस, म्हणजे चामड्याचा वॉशर त्याने कोरडाच बसवला. तो रात्रभर तेलात भिजवावा लागतो. मला हे कुणी शिकवलं नाही, तीन वॉशर फाडून शिकलो. तेव्हा तू पाइप धरायचीस, मी ओरडायचो आणि तू म्हणायचीस, "ओरडून पाणी आलं असतं तर आपल्या दारात नदी असती."

दर वर्षी बियाण्याच्या पैशासाठी मी पेरणीआधीच घर सोडत आलो. यंदा तू विचारलंस, "आता तुमचं तिथे काय अडलंय?" माझ्यावाचून घर चालतं, हे पचायला चार दिवस लागले.

आज मुकादमाला सांगितलं, यंदा पेरणी मी करणार. तो म्हणाला, "जागा धरून ठेवणार नाही."

म्हटलं, नका ठेवू.

रविवारी पोचणारा,
तुझाच